रिपोर्टातली चूक

अकरा वर्षं ती इस्पितळात हृदयाचे रिपोर्ट टाइप करायची. दुखणं वाचायचं नाही, फक्त चुका वाचायच्या, हा तिचा खाक्या. नाहीतर घास घशाखाली उतरला नसता. ती बाळंत झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर खाटेशी आले. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी कागदच पुढे केला. रजेतही कामाला जुंपतात मेले, असं पुटपुटत तिने सवयीने तो तपासला. हृदयाच्या पडद्याला जन्मजात छिद्र, झडप अरुंद, शस्त्रक्रिया आवश्यक. तारीख बरोबर होती.

"तुमच्या नव्या टायपिस्टने घोळ घातलाय," ती म्हणाली. "आईच्या जागी माझं नाव टाकलंय. पेन द्या, दुरुस्त करते."

डॉक्टरांच्या खिशाला तीन पेनं होती. त्यांनी एकही दिलं नाही.