नळाखालचं अळू

वस्तीत कुणाकडेही पाणी टपटपायला लागलं की नळवाल्या काकांना बोलावणं जायचं. काका यायचे, पाना लावायचे, जुना वायसर काढून नवा घालायचे आणि चहा पिऊन निघायचे. मात्र त्यांच्याच घराच्या मागच्या अंगणातला नळ लग्नापासून गळत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त हा पाषाण कोरडा नव्हता, एवढाच फरक.

बायको म्हणायची, "जगाचे नळ दुरुस्त करता आणि घरचा तसाच!"

काका पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "करतो उद्या."

"तुमचा उद्या म्हणजे अळवावरचं पाणी!"

हे संभाषण त्यांच्या घरात नमस्कारासारखं होतं. एकदा मात्र ती खरोखरच भडकली. कुणाच्या तरी न्हाणीघरातून निघालेला, तडा गेलेला बाथटब काकांनी 'कधीतरी कामाला येईल' म्हणून अंगणात टाकून ठेवला होता. तो तिने ओढत आणून नळाखाली ठेवला. तळाला खडी, वर वाळू, त्यावर तळ्याकाठचा काळा चिखल, आणि चिखलात अळवाचे कांदे. "घ्या," हात झटकत ती म्हणाली, "पाणी आहेच, आता अळूही झालं."

अळू असं माजलं की बघत राहावं. मग तिला नादच लागला. तड्यातून झिरपणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने टबाच्या पायथ्याशी खड्डा खणला, त्यात जुनी ताडपत्री अंथरली आणि साचलेल्या पाण्यात शिंगाड्याचे वेल सोडले. काठाच्या ओलीवर ब्राह्मी पसरली, पुदिना पसरला. बेडूक तर न बोलावता आले. काकांच्या आळसावर तिने बाग उभी केली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती हे आवर्जून सांगायची.

मग ती गेली. आजारी पडली काय आणि गेली काय, काकांना नीट कळलंसुद्धा नाही.

आता काकांकडे वेळच वेळ होता. नळ दुरुस्त करायला असा कितीसा वेळ लागतो? पण त्यांनी पान्याला हात लावला नाही. ते पालथ्या बादलीवर चहा घेऊन बसायचे आणि ऐकायचे. त्या नळाची एक चाल होती: दोन थेंब घाईघाईने, मग जरा थांबून एक. टप-टप, टप. काका मोठ्याने म्हणायचे, "करतो गं उद्या." दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक वाक्य असायचं, असेही दिवस होते.

अळू एकट्याला संपेना. शेजारणीला दिलं तर तिच्या घशाला खाज सुटली, पुढच्या वेळी तिने दारातूनच नको म्हटलं. शिंगाडे उकडले की काका सोलायचे आणि सवयीने दोन वाट्या भरायचे. आपली वाटी संपली की दुसरीही खायचे. टाकणार कुठे?

अशात लेक आली. अंगणात गेली आणि नळाखाली हात धरून काकांकडे वळली.

"बाबा, आधी आळस होता, पण आता वायसरसुद्धा बदलणं होत नाही का तुमच्याने? मग एकटे कसे राहणार? चला माझ्याकडे."

"अळू कोण बघेल?"

"अळू काय, ओल असली की कुठेही येतं."

खरंच होतं ते. काकांचा चेहरा बघून लेकीने विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी काका बाजारात गेले असताना तिने हत्यारांची पिशवी काढली. लहानपणी ती त्यांच्याबरोबर कामावर जायची, बॅटरी धरायची, पाना पुढे करायची. तिने मुख्य पाणी बंद केलं, नळ खोलला, झिजून पापडासारखा झालेला वायसर काढून नवा बसवला. काका परतले तेव्हा ती कोपरापर्यंत भिजून हसत उभी होती.

"बघा! एक थेंब नाही. आता राहा इथे खुशाल, मी नाही मागे लागणार."

काकांनी तोटीखाली अंगठा धरला. अंगठा कोरडाच राहिला. काम चोख होतं, त्यांनीच शिकवलेलं. "छान बसवलास," ते म्हणाले, आणि हात धुवायच्या निमित्ताने आत गेले. तिने केवढ्या मायेने केलं होतं, तिला काय सांगणार?

लेक गेल्यावर घर असं गप्प झालं की काकांना ते सोसेना. जुना वायसर शोधायला त्यांनी कचऱ्याचा डबा उपसला, पण कचरा केव्हाच गेला होता. मग ते कामाला लागले. नव्या वायसरला सुरीने खाच पाडली, तर पाण्याची धारच लागली. दुसरा वायसर कानशीने घासला, तर एकच थेंब अंतराअंतराने पडू लागला. आयुष्यभर गळती बंद करणाऱ्या माणसाला गळती लावता येईना. शेवटी त्यांनी चांगला वायसर घातला आणि नळाची चावी किंचित सैल ठेवली. टप. टप. टप. अळवाला काय, तेवढं पुरलं. पण चाल ती नव्हती. शिवाय आपल्या हाताने उघडा ठेवलेला नळ तो. त्यावरून कोण कुणाला बोलणार?

काका बादलीवर बसले होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"जेवलात का? आणि हा आवाज कसला? नळ गळतोय पुन्हा?"

"गळतोय थोडा."

"काय हो बाबा! जगाचे नळ दुरुस्त करता आणि घरचा तसाच!"

काकांनी कप खाली ठेवला. लेकीचा आवाज चढला की हुबेहूब आईचा होतो, हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

"करतो उद्या," ते म्हणाले.

"तुमचा उद्या म्हणजे—" ती अडखळली. मग हळूच तिने विचारलं, "बाबा, मी तो नळ दुरुस्त करायला नको होता का?"

"नाही गं, चांगला केलास." काकांनी डोळे पुसले. "पण ते पुढचं राहिलं तुझं. बोल ना, माझा उद्या म्हणजे काय?"