मला वाटलं, माझंच वाढून ठेवलंय

शनिवारी चेन आजींकडे जेवायला बोलावलं होतं... चायनीज न्यू इयरची आदली संध्याकाळ. ताईच्या घरापासून त्यांचं घर चालत जाण्यासारखं, तरी मी पाऊण तास उशिरा पोचले. वाटेतल्या टेकडीवर पोरं प्लास्टिकच्या थाळ्यांवर बसून बर्फावरून घसरत होती, आणि एकीने विचारलं, "वॉना ट्राय?" आता नाही कसं म्हणणार यार...

नवीन मंडळींसाठी सांगते. मी नगरची, चर्चमध्ये वाढलेली. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, मग बेकरीत, मग ट्रेकिंगवाल्यांबरोबर, मग कॉल सेंटर... आई मला भटकभवानी म्हणते. सध्या अमेरिकेत, नेपरव्हिलला ताई-दाजींकडे राहून इथल्या एका चर्चचा मिशनरी कोर्स करतेय. पुढे तैवानला जायचंय. तैवानच का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण ही एक तरी गोष्ट अर्धवट सुटू नये असं फार वाटतंय.

कोर्सचा नियम असा की प्रत्येकाने एका चायनीज घरी दर आठवड्याला जायचं. भाषा शिकायची, त्यांच्यात मिसळायचं. माझ्या वाट्याला आलं चेन आजींचं घर. त्या घराने 'आता येऊ नकोस' म्हटलं की तैवान विसरायचं. दाजी तर मी परत आले की दारातच विचारतात, "काय मग, आज तरी हाकललं का?"

वर्गात सध्या एकच वाद चाललाय. तिकडे पूर्वजांपुढे जेवण मांडतात, ते आपण खायचं की नाही? मी छातीठोकपणे सांगितलं होतं, नाही खायचं, गोडीत नकार द्यायचा. पितृपक्षात शेजारच्या काकू ताट घेऊन यायच्या तेव्हा माझी आई तसंच करायची... ही इंडियाची, हिला माहीत असणार, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

तर शनिवार. दार नुसतं लोटलेलं होतं, किचनमधून तळणाचा आवाज येत होता. बाहेरच्या थंडीतून आत शिरले आणि चष्म्यावर वाफ धरली. धूसर धूसर टेबल दिसलं. एका खुर्चीपुढे भरलेला बोल, म्हणजे आपला वाडगा, भातावर पोर्कचे तुकडे. बाकीचे बोल रिकामे.

आमच्याकडे उशिरा येणाऱ्याचं ताट वाढून ठेवतात. मला एकदम भरून आलं... एवढ्याशा ओळखीत यांनी माझं वाढून ठेवलंय! बसले. डोळे मिटून मोठ्याने मराठीत प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि जेवायला लागले. खरं सांगते, फार चविष्ट होतं.

मग चष्मा पुसला. किचनच्या दारात चेन आजी, हातात अख्ख्या माशाची डिश. मागे त्यांची मुलगी ग्रेस. आणि समोरच्या कपाटावर एका आजोबांचा फोटो, त्यापुढे संत्री, चहाचा छोटा कप... आजोबा थेट माझ्याकडे बघत होते.

ग्रेस हळूच म्हणाली, "दॅट्स डॅडज् चेअर." मग जरा थांबून, "अँड हिज बोल."

न्यू इयरच्या जेवणाला त्यांच्या घरी गेलेल्या माणसाचीही जागा मांडतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त उठले आणि कोट शोधायला लागले. आजींचं मन दुखावलं, तैवान गेलं... आणि ज्याला मी वर्गात ठणकावून नाही म्हटलं होतं, ते माझ्या तोंडात होतं. गिळू की नको, तेही कळेना.

आजी काहीतरी बोलल्या. ग्रेसने इंग्रजीत विचारलं, "आई विचारतेय, डोळे मिटून काय म्हणत होतीस?"

मी कसंबसं सांगितलं. देवाचे आभार मानले. आणि ज्या हातांनी हे अन्न केलं त्या हातांना आशीर्वाद दे, म्हटलं... आमच्या घरी तसं म्हणतात.

ग्रेसने ते आजींना सांगितलं. आजी फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यालाच, चक्क रागावल्यासारखं, काहीतरी सुनावलं. ग्रेस हसायला लागली आणि डोळे पुसायलाही. "ती बाबांना म्हणतेय, ऐकलंत? त्या खुर्चीतून मी जन्मभर 'मीठ कमी आहे' एवढंच ऐकलं."

मला जाऊच दिलं नाही, परत त्याच खुर्चीत बसवलं. आजींनी दुसरा बोल भरून शेजारच्या खुर्चीपुढे ठेवला आणि फोटोला हाताने खूण केली... सरका.

सोमवारी वर्गात सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, आधी माहीत असतं तर बसली असतीस? मी म्हटलं, माहीत नाही. अजूनही माहीत नाही. ते आजोबांचं जेवण होतं की माझं? माझं चुकलं की बरोबर झालं? नगरला आईला फोन केला, तर तिने आधी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मी काकूंना दर वर्षी नाही म्हणायचे, तरी त्या दर वर्षी आणायच्या. का, ते मी कधी विचारलंच नाही गं..." म्हणजे ती पण माझ्याच बोटीत.

काल पुन्हा गेले. पुन्हा उशीर (तळ्यावर एक जण बर्फाला भोक पाडून मासे धरत होता, सोडा). टेबलावर एक बोल, वर बशी झाकलेली. उशिरा येणाऱ्याचं वाढून ठेवायची आमच्या घरची पद्धत मी ग्रेसला सांगितली होती, आणि तिने आजींना. तरी मी उभीच राहिले. विचारलं, हे माझंच ना?

आजींनी बशी उचलली. एप्रनला हात पुसले, ते दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

मी डोळे मिटले... आणि या वेळी जरा सावकाश म्हटलं.