रुपेरीवर दिसत नाही

आमच्या घरात एकाच जातीचे दोन कॅमेरे आहेत. जुन्या धाटणीचे, रिळाचे, हातात घेतले की वजन कळणारे. एक काळा, एक रुपेरी. आतलं यंत्र तेच, एकाचं भिंग दुसऱ्याला बसतं, फरक काय तो वरच्या कातडीचा. त्या कातडीवरून मी आणि माझा नवरा लग्न झाल्यापासून भांडत आलो. बाकी भांडायला विषय नव्हते असं नाही, पण हा टिकला. (तोंडावर मी त्याला ‘अहो’च म्हणते, आमच्या बेळगावकडं तीच रीत. लिहिताना ‘तो’ म्हणायची मुभा घेते. वाचून त्याला राग यायचा तर येऊ दे.)

काळा त्यानं लग्नाआधी घेतलेला. रुपेरी मी माझ्या पहिल्या बोनसातून त्याला घेऊन दिला, तोही मुद्दाम. तेव्हा मी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी. स्वभावाला इतकी मानवणारी नोकरी फार कमी लोकांना मिळते, असं नवरा म्हणायचा. मी ते कौतुक समजून चालत असे.

माझं म्हणणं सरळ होतं. या कॅमेऱ्यांचं वरचं झाकण पितळेचं. काळ्यावर रंग दिलेला असतो. रंग कितीही भाजून पक्का केला तरी तो धातूच्या वर बसलेला पाहुणाच. कडेला, कोपऱ्यावर, जिथं बोटं फिरतात तिथं तो आधी पातळ होतो, मग उडतो आणि खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. रुपेरीवर क्रोमचा मुलामा. तो धातूला धरून बसतो, शिवाय कठीण असतो, नखानं काय, किल्लीनंसुद्धा सहज ओरखडत नाही. आणि समजा घासला गेलाच, तरी वरचा रंग आणि खालचा रंग इतके वेगळे दिसत नाहीत. म्हणजे झीज होतेही कमी आणि दिसते त्याहून कमी. यात वाद घालण्यासारखं काय आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तो घालायचा. काळा कॅमेरा काचेत प्रतिबिंब पाडत नाही, म्हणायचा. पक्ष्यांच्या डोळ्यांत चमकत नाही. आणि झीज दिसते तर दिसू दे की, वापरलेली वस्तू वापरलेली दिसली तर बिघडलं कुठं? मी म्हणायची, या न्यायानं तुमचे कॉलर विरलेले शर्टही मी टाकायला नकोत. त्यावर तो खरंच म्हणाला होता, नकोतच.

तपासणीत असल्यामुळं रुपेरीचे दोषही मला ठाऊक होते, ते मी त्याला आपण होऊन कधी सांगितले नाहीत. क्रोमच्या थरात केसाहून बारीक छिद्रं असतात. घामाचं मीठ त्यातून खाली उतरतं आणि मग वर पुरळ आल्यासारखे ठिपके उठतात. समुद्रकाठच्या गावात रुपेरी कॅमेरा अशानं कुरूप होतो. आम्ही राहतो त्या येलहंक्याच्या कोरड्या हवेत ती धास्ती नाही, म्हणून मी गप्प राहिले. वाद जिंकायचा असला की माणूस सगळा अहवाल वाचून दाखवत नाही.

निवृत्तीनंतर त्याचा रविवार ठरलेला झाला. पहाटे उठून तळ्याकाठी नाहीतर जुन्या येलहंक्याच्या बाजारात फोटो काढायचे आणि मग महिन्यातून एखाद्या वेळी जे. पी. नगरात जमणाऱ्या रिळवाल्यांच्या टोळक्यात जायचं. त्यात पुण्याहून आलेली कंप्युटरवाली मंडळी पुष्कळ. त्यांना हा जुना प्रकार नव्यानं सापडलेला. एकदा मीही गेले होते. त्यांच्यातला एक जण आमच्या काळ्या कॅमेऱ्याच्या झिजून पिवळ्या पडलेल्या कडांवर बोट फिरवत म्हणाला, “काका, काय सॉलिड पॅटिना आहे! मी माझा सँडपेपरनं घासला, तरी असा लुक नाही येत.” मी विचारलं, “चांगला रंग मुद्दाम घासलास?” तो म्हणाला, “हो काकू, ट्रेंड आहे.” परतीच्या वाटेवर मेट्रोत नवरा मिशीत हसत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या कारखान्यात त्या मुलाला मी दुपारच्या चहापर्यंतही ठेवला नसता.

गेल्या वर्षी दसरा होऊन गेल्यावर एका रविवारी त्यानं काळा कपाटात ठेवला आणि रुपेरी गळ्यात अडकवला. मी बघत राहिले. तो म्हणाला, “सरी, बरोबर आहे, तू जिंकलीस. तुझा रुपेरीच बरा. काळ्याचा रंग आता फार जायला लागलाय.”

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी, कारण नसताना, पुरण घातलं. शेजारच्या अक्कांना वाटीभर नेऊन दिलं, तेव्हा त्यांनी कानडीत विचारलं, “एनु विशेष?” काय विशेष? मी म्हटलं, आमच्या ह्यांनी हार मानली. अक्कांचा नवरा कुठल्याच गोष्टीत हार मानत नाही, त्यामुळं त्यांनाही बातमी आवडली.

त्यानंतर वर्षभर काळा कपाटातून निघाला नाही. नवरा आणखीही काही बाबतीत बदलला होता, पण वयाच्या नावावर सगळं खपतं. रीळ घालायचं काम तो माझ्याकडं द्यायला लागला. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाला. चहा त्याला कपात अर्धाच हवा असायचा, गार होतो म्हणून. चालताना उजवा हात खिशात. मी म्हटलंही, खिशात काय सोनं ठेवलंय काय, आणि विषय तिथं संपला.

यंदाची खंडेनवमी आली. त्या दिवशी इथं रिक्षांना केळीचे खांब आणि झेंडू बांधतात, चौकाचौकात कुंकू घातलेला कोहळा फोडतात. पीण्यात असताना आम्ही यंत्रं बंद करून पुसायचो, पूजा करायचो, बुंदी-चुरमुरे वाटायचो. घरी आल्यावर पुन्हा घरची पूजा. पाटावर विळी, माझा जुना मायक्रोमीटर, कातरी, स्कूटरची किल्ली आणि दोन्ही कॅमेरे. पूजेआधी कॅमेरे पुसून तपासायचं काम माझं. ते मी पूर्वीपासून कारखान्याच्या रीतीनं करते. आधी तपासणीच्या भिंगातून बघायचं, मग खिडकीशी तिरप्या उजेडात धरायचं, आणि शेवटी कापूस फिरवायचा. धातूच्या कडेला ठेच लागली की बारीकशी धार उठते. डोळ्याला ती चुकते. कापसाचा तंतू मात्र तिला अडकतो.

आधी काळा घेतला. जिथं गेल्या वर्षी पितळ दिसत होतं तिथंच दिसत होतं, नवीन काही नाही. वर्षभर कपाटात बसलेल्याला काय होणार? मग रुपेरी घेतला. भिंगाखाली छान होता. वर्षभर वापरून झाकण जसंच्या तसं, एक डाग नाही. मी मनात म्हटलंही, बघा. मग वातीचा कापूस घेऊन तळाच्या कडेवरून फिरवला आणि तो अडकला. सोडवून पुढं नेला, तर पुन्हा अडकला. त्या कडेला कापसाचे इतके तंतू राहिले की तिला जणू लव फुटली.

खिडकीशी नेऊन तिरपा धरला, तेव्हा मग दिसलं. तळाच्या उजव्या कडेला बारीक बारीक पोचे होते, एकाशेजारी एक. भिंग बसवायच्या गोल खाचेभोवती ओरखडे होते, भिंग जागेवर लागायच्या आधी इकडंतिकडं आपटावं तसे. क्रोम कुठंही उडालेला नव्हता. खालचं पितळ आत दबलं होतं आणि मुलामा त्याच्याबरोबर निमूट दबला होता.

पडलेल्या वस्तूला एखादाच मोठा पोचा येतो, आणि तो कुठंही येतो. इथं तसं नव्हतं. लहान, पुष्कळ आणि सगळे एकाच बाजूला. हा कॅमेरा पडत नव्हता. तो ठेवताना चुकत होता. टेबलावर, ओट्यावर, बाकावर, दर वेळी उजव्या हातानं ठेवताना.

आयुष्यभर मी असे तुकडे हातात घेऊन बाहेरून आत काय झालंय ते सांगत आले. एवढं वाचायला मला फार वेळ लागला नाही. मी तशीच पाटाशेजारी बसले.

तो खाली स्कूटरला हार घालून वर आला. मी म्हटलं, “अहो, इथं बसा. हात मांडीवर ठेवा.”

“पूजेला उशीर होतोय.”

“होऊ दे.”

त्यानं माझ्या पुढ्यातला कॅमेरा पाहिला, कडेला चिकटलेला कापूस पाहिला. खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. डावा पडून राहिला. उजव्याचा अंगठा थोड्या वेळानं आपला आपण हलायला लागला, तर्जनीवर घासत, जपमाळ ओढल्यासारखा.

“कधीपासून?”

“गेल्या दसऱ्याच्या आधीपासून. तेव्हा स्वल्प होतं.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“नाही.”

“आणि मला सांगायला काय झालं होतं?”

तो म्हणाला, “काळ्यावर टवके उडाले असते तर ते तुला लगेच दिसले असते. म्हणून ते उडायच्या आधीच काळा ठेवून दिला.”

“म्हणजे मी जिंकले ते खोटं?”

“खोटं कसं? रुपेरीवर दिसत नाही, हे तुझंच म्हणणं. ते खरंच निघालं की.”

मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर त्यानं तसूभर माघार घेतली नव्हती, ती त्यानं मला देऊन टाकली होती आणि मी त्यावर पुरणपोळ्या लाटल्या होत्या. मी म्हटलं, एवढं लपवण्यासारखं काय होतं? तो म्हणाला, “तू मला रविवारी एकट्याला जाऊ दिलं नसतंस.” मी खरोखरच जाऊ दिलं नसतं. राग ओसरला तेव्हा खाली नुसती भीती होती. ती मी त्याला सांगितली. तो म्हणाला, “मलाही वाटते,” आणि मग हात झाकून न घेता तसाच बसला.

पूजा आम्ही केली. दोन्ही कॅमेऱ्यांना गंध लावलं. खालून अक्कांनी कोहळा फोडायला हाक मारली, तेव्हा जाऊन उभेही राहिलो.

दसऱ्यानंतर त्याला मज्जातंतूंच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं. कंपवात आहे, हळूहळू वाढेल, गोळ्यांनी बराच काळ ताब्यात राहील, असं म्हणाल्या. फोटो काढू देऊ का, हे मीच विचारलं. त्या म्हणाल्या, काढू द्या, जितकं हातानं करतील तितकं चांगलं. फक्त बदल काय होतोय त्यावर लक्ष ठेवा आणि मला येऊन सांगा.

त्यानंतरच्या रविवारी तो पहाटे उठला आणि सवयीनं रुपेरीकडं हात नेला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला, कपाटात ठेवला आणि काळ्याचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला.

तो म्हणाला, “अगं, ह्याचा रंग जाईल. आता तर फारच जाईल.”

“जाऊ दे. मला दिसला पाहिजे.”

तो पट्टा सरळ करून जिना उतरला. एकटाच गेला. मी गॅलरीतून तो वळणाआड होईपर्यंत पाहिलं, तेवढं त्यानं चालवून घेतलं.

आता तो दर रविवारी परत आल्यावर कॅमेरा आपण होऊन माझ्यापुढं ठेवतो. मी तो खिडकीशी नेते. नवीन जागी पितळ दिसलं की मी बोट ठेवते आणि तो सांगतो, हे बाजारातल्या कठड्यावर, हे बसच्या दांड्याला. काही आठवत नसेल तर तेही सांगतो. ज्या पिवळ्या डागांवरून मी इतकी वर्षं त्याला बोलले, ते मी आता एकेक करून शोधते.

या रविवारी नवीन काही सापडलं नाही. मी कॅमेरा परत उजेडात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिला.