पुरवणीचा दोरा

निवृत्त झाल्यापासून मी घरी बसून ऑनलाइन परीक्षांचं सुपरव्हिजन करते. लॅपटॉपवर सोळा चौकोन, प्रत्येकात एक चेहरा. कुणाची नजर पेपरवरून हटली की त्या चौकोनाला लाल कड येते आणि मी कारण लिहायचं. त्यावर पेपर रद्द करायचा की नाही ते ठरतं. मला त्यांचं ऐकू येतं, माझा आवाज मात्र तिकडे जात नाही.

आज एका मुलीच्या चौकोनाला सारखी लाल कड येत होती. अडली की ती मान वर करून समोर बघायची. सुरुवातीला कॅमेरा फिरवून तिनं खोली दाखवली होती. समोर नुसतं बंद दार होतं.

शाळेत मी खांद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचा झुपका टाकून बाकांमधून फिरायचे. "बाई, पुरवणी!" अशी हाक आली की कागद द्यायचा, बांधायला दोरा द्यायचा. कुणी रडवेलं दिसलं तर त्या बाकापाशी जरा रेंगाळायचं. उत्तर सांगता येत नसे, पण जवळ उभं राहता येई.

वेळ संपली. कॅमेरा बंद करता करता ती मुलगी म्हणाली, "आहे का हो तिकडे कुणी?"

"आहे गं, इथंच आहे," मी मोठ्यांदा म्हणाले. चौकोन काळा झाला.

मग रकाना समोर आला: नजर कुठे होती?

मी लिहिलं, "बाईंकडे."