मी उघडं ठेवलेलं फाटक

सायकलवाल्याला या देशात रस्ता नाही, हे आधीच लिहून टाकतो. हायवेवर सायकलला बंदी. सायकलसाठी म्हणून जो गुळगुळीत ट्रॅक बांधलाय, तो गोल फिरून जिथून निघालात तिथेच आणून सोडतो. म्हणजे सायकल चालवा, पण कुठे जाऊ नका! आम्हाला जायचं होतं. तेही दुपारच्या नमाजाच्या आत.

आम्ही म्हणजे मी आणि चाचा. अल कुसैसच्या आमच्या खोलीत सहा जण राहतो, त्यात चाचा वयाने मोठे. मूळचे दापोलीकडचे, आता रास अल खोरच्या गॅरेजमध्ये ट्रकचे गिअरबॉक्स खोलतात. पण बावीस वर्षांपूर्वी गल्फला आले ते उंटांच्या गोठ्यावर. गोठ्याला इथे इझबा म्हणतात. उम्म अल कुवैनच्या आतल्या वाळूत, चोहोबाजूंनी कुंपण, आणि सोबतीला एकच माणूस, एक बलुची. पहिला महिनाभर चाचा रडत होते. बलुचीने त्यांना उंटिणीची धार काढायला शिकवलं, उंटांना हाक मारायला शिकवलं. दोन वर्षांनी चाचांना गॅरेजचं काम मिळालं तेव्हा त्याने स्वतःची सायकल देऊन टाकली. म्हणाला, कधीतरी हिच्यावरच बसून भेटायला ये.

त्यानंतरच्या वीस वर्षांत चाचा तीन-चारदा गेले, पण कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून. आता बलुची कायमचा घरी निघाला होता. रविवारी दुपारची नमाज झाली की अरबाबची, म्हणजे मालकाची, पिकअप त्याला विमानतळावर नेणार.

"ऑफिसातल्या मित्राची गाडी मागतो," मी म्हणालो. "एका तासात पोचू."

"गाडीने जायचं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" चाचा म्हणाले. "मला नकाशा बघता येत नाही. तू फक्त वाट दाखव. भाषण नको."

भाषणाचा टोमणा मला नवा नव्हता. इथे येण्याआधी तीन वर्षं मी गावाकडे पाणंद मोकळी करा म्हणून पत्रकं वाटली आहेत. शेतात जायची सगळ्यांची वाट कुणीतरी दांडगा बांध टाकून बंद करतो, आणि तलाठी वर बघत बसतो. आम्ही जायचो, काटेरी कुंपण काढायचो, पत्रक चिकटवायचो. 'वाट कुणाच्या बापाची नाही!' हा मथळा माझा. आता मी एका कंपनीत ड्रॉइंग काढतो आणि पत्रकं बाथरूमच्या दारावर लावतो. ओला टॉवेल, तुंबलेली जाळी, वगैरे.

जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही पहाटे पाचला निघालो. पासष्ट किलोमीटर. शारजा मागे पडेपर्यंत बरं चाललं होतं. उजाडल्यावर समोरून वारा सुटला, तो काही थांबेना. वाळू दातात येत होती. चाचांची सायकल म्हणजे वीस किलोचं लोखंड, गिअर नाही, पण घंटी अजून जुनीच आणि खणखणीत. कॅरिअरला पिशवी, पिशवीत गावाहून आलेली आंबापोळी. बलुचीला ती फार आवडते.

नकाशात सरळ पायवाट दिसायची आणि प्रत्यक्षात कुंपण निघायचं. एकदा नाही, तीनदा! मैलोन्‌मैल जाळी, आत चार उंट, आणि माणसाने फिरून जायचं. तिसऱ्या ठिकाणी नेपाळी वॉचमन होता.

"हबीबी, यहाँ से नहीं. सामने से जाओ, सात किलोमीटर."

मी सायकल स्टँडला लावली. त्याला विचारलं, ही वाट आधीची की जाळी आधीची? ये-जा करणाऱ्याचा हक्क म्हणजे काय, हे हिंदीत समजावून सांगितलं. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

चाचा घड्याळ बघत होते. "झालं? त्याने पाणी दिलं, म्हणजे तुझा घसा सुकलाय हे त्यालासुद्धा कळलं. यल्ला, चल."

माझी वीस मिनिटं त्या भाषणात गेली. माझी नव्हे, चाचांची.

चौथ्या ठिकाणी फाटक होतं. कुलूप नाही, नुसता दोर. वर अरबीत पाटी. चाचांना अरबी वाचता येतं, समजतं मात्र थोडंच.

"दरवाजाबद्दल काहीतरी आहे," ते म्हणाले. दोर सोडून पुढे गेले आणि मान न वळवता ओरडले, "मागे बंद कर रे!"

मी बंद केलं नाही.

विसरलो असं लिहिता आलं असतं, पण मी विसरलो नव्हतो. मी दोर नीट गुंडाळला, खांबावर अडकवला आणि फाटक सताड उघडं ठेवलं. सकाळपासूनचा सगळा राग त्यात होता. मागून येणाऱ्या माणसाला तरी अडू नये, असा विचार केला. मागून त्या वाळूत कोण येणार होतं, हा विचार केला नाही. गावाला कुंपण काढलं की टाळ्या पडायच्या.

अकराला दहा कमी होते. नऊ किलोमीटर राहिले होते, वाऱ्यातसुद्धा पाऊण तास. अर्धा किलोमीटर गेलो आणि माझं मागचं चाक बसलं. तिथे बाभळीसारखी झाडं असतात, त्यांचा काटा टायर फोडून आरपार जातो. चाचांनी चाक काढलं, ट्यूब ओढली. मी पंप धरून उभा. तेवढ्यात चाचांचा हात थांबला. आमच्या मागच्या टेकाडावरून उंट उतरत होते. सात. पुढे एक म्हातारी उंटीण, शेवटी पिल्लू. आणि सगळे निघाले होते त्या फाटकाकडे.

"बंद केलं होतंस ना?" चाचांनी विचारलं.

"चाचा, असं बघा, वाट बंद करायचा अधिकार मुळात—"

"ते उंटांना सांग."

फाटकाबाहेर डांबरी रस्ता होता आणि त्यावरून खडीचे ट्रक सुसाट जात होते. आम्ही पळालो, चाचा आपली सायकल ढकलत. वाळूत पळता येत नाही. आम्ही पोचेपर्यंत म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि एक ट्रक तिच्यापुढे दहा हातांवर तिरका होऊन थांबला होता. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर.

"पागल हो क्या? किसने खोला गेट?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. का केला, मला आजही कळत नाही.

"तुम्ही जा पुढे," मी चाचांना म्हणालो. "तुमची सायकल ठीक आहे. मी आणतो यांना."

"तू आणणार? पत्रक वाटून?" ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. "पिशवी आण माझी."

त्यांनी आंबापोळीचा तुकडा मोडला, हात लांब केला आणि घशातून एक लांब, घोगरा आवाज काढला. खोलीत मी त्यांना घोरताना ऐकलंय, रागावताना ऐकलंय, हा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हातारीने मान वळवली. ती आली, खाल्लं, आणखी मागितलं. चाचा उलटे चालत मागे सरकू लागले, एकेक तुकडा दाखवत. मी ट्रक थांबवत उभा. पाच उंट तिच्यामागे आले. पिल्लू मात्र रस्त्यापलीकडे उतरून बसलं. आई आत ओरडत होती, आणि ते ढिम्म हलेना. दोघांनी मिळून त्याला ढकलत, उचलत, पुन्हा ढकलत आणलं. त्याने मला दोनदा लाथ मारली, ती मी मुकाट घेतली.

फाटक बंद झालं तेव्हा लांबच्या मशिदीतून बांग ऐकू आली. पिशवीत आंबापोळीचा एकही तुकडा उरला नव्हता.

पंक्चर काढून आम्ही नऊ किलोमीटर हाणले. इझब्यावर पोचलो तर एक बंगाली माणूस पाण्याची टाकी धूत होता.

"चला गया. पौना घंटा हुआ. खलास."

चाचांनी फोन लावला, स्पीकरवर. मागे गाडीचा आवाज.

"किधर है?" चाचांनी विचारलं.

"इंटरनॅशनल सिटी... नहीं, वो तुम्हारा, अल कुसैस. सिग्नल पे खड़ा हूँ."

आमच्या खोलीच्या खाली! पहाटे खोलीतच झोपून राहिलो असतो तर गॅलरीतून हात केला असता. मी वाळूला लाथ मारली.

"तेरे इझबे पे खड़ा हूँ मैं," चाचा म्हणाले. "देर हो गई. रास्ते में ऊँट निकल गए थे."

"किस गधे ने गेट खुला छोड़ा?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "था कोई," ते म्हणाले. "नया आदमी."

पलीकडे हसण्याचा आवाज आला. मग, "साइकिल पे आया?"

"साइकिल पे."

"झूठ."

चाचांनी फोन हँडलजवळ धरला आणि घंटी वाजवली. एकदा. थोडं थांबून आणखी दोनदा. पलीकडे हॉर्न वाजले, सिग्नल सुटला असावा, आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना.

बंगाल्याने चहा दिला. आम्ही तो उभ्यानेच प्यालो आणि निघालो.

मैलोन्‌मैल जाळ्या ठोकून माणसाला सात किलोमीटर फिरवणं चूक आहे, हे माझं मत आजही तेच आहे, आणि मी ते कुठेही मांडेन. त्या दिवशी परतताना मात्र ते कुणापुढे मांडायची सोय नव्हती. फाटकाशी मी आधी उतरलो. चाचा बाहेर पडले, मग मी. फाटक ओढलं, दोर गुंडाळला, गाठ मारली, वर दुसरी, तिसरी.

चाचा रस्त्यावर एक पाय टेकून थांबले होते. उंट आत घातल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"इतकं घट्ट नको. दुसऱ्या माणसाला सोडावं लागतं ते."

मी दोन गाठी सोडल्या.