अंकोरच्या पायऱ्या आणि ओढणी

बहारीनमध्ये मी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलो. ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं कंबोडियाला गेलो, अंकोरच्या मोठ्या देवळात पोचलो आणि वरच्या उभ्या पायऱ्या बघून बायको मटकन खाली बसली. झल्लाकच्या किनाऱ्यावर कोकणातली मंडळी जमली की कोणीतरी म्हणायचंच, "काय भाबी, वाळूवर तरी चढवेल ना?" ती हसायची.

घडलं ते वेगळंच.

आजारपणात तिचे केस गेले होते. पुन्हा आले ते विरळ, खालची कातडी दिसेल असे. त्या दिवसांत पडल्या पडल्या ती टीव्हीवर ती देवळं बघायची. म्हणायची, "बरी झाले की या पायऱ्या चढणार." सहल तिच्या हट्टाची होती.

त्या सकाळी ती म्हणाली, "हाफ पँट नको, देऊळ आहे ते."

"मला शिकवू नकोस."

पायऱ्यांपाशी पहारेकऱ्यानं माझ्या उघड्या गुडघ्यांकडे बोट दाखवून मला रांगेतून बाहेर काढलं. ती हसली. जरासंच, पण मागच्या परक्या बायकाही हसल्या.

"ओढणी दे," मी म्हणालो.

"माझं डोकं उघडं पडेल."

"इथं कोण ओळखतंय तुला? आणि झाकण्यासारखं आहे काय तिथं?"

ती देईना. मी ओढली. पिन तुटून पडली. दोन्ही हात डोक्यावर धरून ती भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर दगडी अप्सरा होत्या, उंच मुकुट घातलेल्या. मी ओढणी लुंगीसारखी गुंडाळून वर गेलो. वरून दूरवर रान दिसत होतं. खाली तिचं डोकं दिसलं, भर उन्हात. मी आणखी एक फेरी मारली.

उतरल्यावर तिनं विचारलं, "वर काय आहे?"

"दगड."

"आता मी जाऊन येऊ?"

"खलास. गाडी थांबलीय."

गाडी आम्ही दिवसभरासाठी घेतलेली होती.

गेल्या शुक्रवारी अमवाजला मुलाच्या घरी जेवताना नातीनं तोच विषय काढला. "दादी वॉज सो स्केअर्ड!" सगळे हसले. बायकोला आता घराची पायरीसुद्धा धरून चढावी लागते. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. केस, ओढणी, पिन, गाडी. सून तिच्या डोक्याकडे बघत राहिली.

बायकोनं ओढणी कपाळावर आणली. "काही पण बोलतात हे! मीच घाबरले होते," ती म्हणाली आणि मला माशाचा तुकडा वाढला. सगळे सुटल्यासारखे पुन्हा हसले.

मी तिच्या मागोमाग किचनमध्ये गेलो. "खोटं का बोललीस?"

"सुनेला माझ्या केसांचं माहीत नव्हतं," ती ताटं ठेवत म्हणाली. "तुम्हाला हलकं वाटायला हवं होतं. म्हणून आज परत ओढलीत."