सासूच्या तोंडून भरलेलं कार्ड

सासूच सगळी उत्तरं देत होती आणि मी खुशाल लिहीत होते. इंदापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी तेव्हा एएनएम होते. म्हणजे गरोदर बायकांची नोंद ठेवणारी, तपासणी करणारी नर्स. नोकरीला वीस वर्षं झालेली. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं, हा पक्का समज.

"नाव?"

"ज्योती," सासू म्हणाली.

"वय?"

"एकवीस."

"पहिली खेप. बाळंतपण माहेरी?"

"न्हाय बाई, हितंच. माहेर लय लांब हाय तिचं."

आपल्याकडं पहिलटकरीण माहेरी जाते आणि माझं डिलिव्हरीचं टार्गेट बुडतं. मी खूश. "मावशी, अशी सासू मिळायला नशीब लागतं," असं सर्टिफिकेटही देऊन टाकलं. पोरगी मान खाली घालून बसलेली. म्हटलं, वळणाची आहे. माझ्याइतकी हुशार बाई जिल्ह्यात नसेल.

पुढच्या महिन्यात तिचं वजन दोन किलो उतरलं. पोट तपासायला पडद्याआड घेतलं, तर तिनं माझा हात धरला.

"दीदी, घर जाना है."

"सबको ऐसा लगता है. मैं भी आठ दिन रोयी थी." खरं तर पंधरा दिवस रडले होते. आणि माझं माहेर लोणी भापकर, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढं.

तिनं हात सोडला.

तिसऱ्या तपासणीला मी सहज विचारलं, ओटी भरायला घरून कोण येणार? छताकडं बघत ती हळूच म्हणाली, "दीदी, इस गाँव का नाम क्या है?"

पाच महिने त्या घरात राहून तिला गावाचं नाव माहीत नव्हतं. मी स्टुलावर बसले. ती ओडिशाची. फॅक्टरीत काम देते म्हणून एका बाईनं आणलेली. फोन काढून घेतला, दोन दिवसांत गळ्यात हार. ज्योती हे नावही इथंच ठेवलेलं.

बाहेर सासू बसलेली, म्हणून मागच्या दारी जाऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सिस्टर, घरगुती असेल. आपण बीपी बघायचं."

"बीपीच वाढलंय, सर."

"किती?"

"माझं."

"बारामतीला रेफर करा. पोलिसांशी मी बोलतो."

सासूही हौसेनं ॲम्ब्युलन्समध्ये बसली. दवाखान्याच्या दारात महिला पोलीस बघून मात्र तडकली. "आमी काय चोरून आणलीया व्हय? पैसं मोजल्यात, देवळात लगीन लावलंय. इचारा त्या एजंट बाईला." आपलं काय चुकलं, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

फसवून आणायचं आणि पैसे घेऊन दुसऱ्याच्या हवाली करायचं, याला मानवी तस्करी म्हणतात. आमच्या ट्रेनिंगमध्ये त्यावर तासभर फिल्म दाखवलेली. मी मागच्या खुर्चीत डुलकी काढली होती.

एजंट बाई सापडली. केस अजून चालू आहे. पोरगी पुण्याच्या महिलाश्रमात गेली, तिथल्या सरकारी दवाखान्यात तिला मुलगी झाली. मी भेटायला गेले, तेव्हा वॉर्डात तिच्या एकटीच्याच खाटेपाशी कुणी नव्हतं. घरचा पत्ता लागला, वडिलांचा निरोपही आला. एकटी येणार असशील तर ये.

ती गेली नाही.

नव्या नर्स पोरींना मी सांगते, सासूला बाहेर बसवा, मगच कार्ड भरा. त्या म्हणतात, "आज्जी, एवढा वेळ कुठं असतो?"

खरं आहे. मलाही दोन महिने नव्हता.